अकरा नंबरची घोडी

मी ज्या माणसाबद्दल सांगणार आहे, त्याच्याबरोबर दीड वर्ष एका खोलीत काम केलं. त्या दीड वर्षात आम्ही एकमेकांना एकदाही 'गुड मॉर्निंग' म्हटलं नाही. तो मला आवडत नव्हता असं म्हणणं फारच सौम्य होईल. सकाळी पार्किंगमध्ये त्याची गंजलेली पिकअप दिसली की माझ्या कपाळावर आठी उमटायची, आणि दिसली नाही की मनात पहिला विचार यायचा, मेला की काय. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खोटं लिहून एकदा काय झालं तेच सांगायचं आहे, तेव्हा इथे तरी खरं लिहिते.

मी पुण्याची जनावरांची डॉक्टर. रेसकोर्सच्या तबेल्यांत नऊ वर्षं घोडे तपासले. माझे वडील तिथेच नालबंद होते. घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, त्यामुळे मी घोड्याकडे बघायला शिकले ते कॉलेजात नव्हे, त्यांच्या ऐरणीशेजारी उकिडवं बसून. नवऱ्याला टोरोंटोत एका बँकेत आयटीचं काम मिळालं म्हणून आम्ही कॅनडात आलो आणि टोरोंटोच्याच एटोबिको भागात भाड्याने घर घेतलं. इथे व्हेट म्हणून काम करायचं तर परीक्षांची लांबलचक मालिका द्यावी लागते. त्यातली पहिली दिली, मग मुलीची शाळा, माझी पाठदुखी, असं काहीबाही होत राहिलं आणि पुस्तकं बेसमेंटमध्ये गेली. दोन वर्षं घरात बसून काढल्यावर २०१६च्या शरदात मला ही नोकरी मिळाली.

ऑफिस म्हणजे एका प्लाझातल्या मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या. विमानतळ जवळ असल्यामुळे दर काही मिनिटांनी खिडकीची काच थरथरायची. आमचा मालक पन्नाशीतला, अतिशय गोड बोलणारा माणूस होता. त्याचे ग्राहक म्हणजे निवृत्त डॉक्टर, बिल्डर अशी हौशी मंडळी. ती गटागटाने आयर्लंडमधले शर्यतीचे घोडे विकत घेत आणि तिकडेच पळवत. सपाट मैदानावरच्या शर्यती आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होत होत्या, पण यांना हौस उड्या मारणाऱ्या घोड्यांची. दर मार्चला इंग्लंडात अडथळ्यांच्या शर्यतींचा चार दिवसांचा मोठा महोत्सव भरतो. त्यात एक शर्यत चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. ही पोरं नुकतीच, आदल्या शरदात, कंबरेएवढ्या हर्डल्सवरून उड्या मारायला शिकलेली असतात. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तिकडच्या अशा सगळ्या शर्यती व्हिडिओवर बघायच्या, कोणतं घोडं कसं उडतं, कसं उतरतं, उतरल्यावर किती लवकर वेग घेतं, पायांत काही खोट आहे का, हे लिहायचं, आणि महोत्सवाआधी कोणतं विकत घ्यावं याची यादी करायची, हे आमचं काम. मालकाचा नियम असा की घोड्यांची नावं लिहायची नाहीत, नंबर लिहायचे. नावाच्या प्रेमात माणूस पडतो, असं त्याचं म्हणणं.

तिकडची दुपार म्हणजे इथली सकाळ. साडेसातला पहिली शर्यत सुरू व्हायची.

आणि त्या खोलीत माझ्याआधी सहा वर्षं हा म्हातारा बसलेला होता. आयर्लंडचा, सत्तरीला टेकलेला, जुना जॉकी. काटकुळा, पण मनगटं अजून दोरखंडासारखी. एकदा शर्यतीत घोड्यावरून पडून त्याचं कंबरेचं हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं, म्हणून तो उजव्या पायाने लंगडायचा. मालकाने पहिल्या दिवशी ओळख करून दिली, "ही आपली नवी डॉक्टर."

म्हाताऱ्याने टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "कसली डॉक्टर?"

"घोड्यांची," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"इंडियातल्या."

"तिकडे उड्या मारणारे घोडे आहेत?"

"फारसे नाहीत. पण पाय सगळ्या घोड्यांना चारच असतात."

मालक हसला. म्हातारा हसला नाही. आमचं वैर त्या वाक्यावर सुरू झालं, आणि ते वाक्य माझं होतं.

पुढे त्याने ते निगुतीने चालवलं. जानेवारीतसुद्धा तो खिडकी वीतभर उघडी ठेवायचा, का, तर जिथे घोड्यांची गोष्ट चालते तिथे हवा हवी. मी कोट घालून, हातमोज्यांची बोटं कापून लिहायचे. रिमोट तो मांडीखाली घेऊन बसायचा. मला एखादी उडी पुन्हा बघायची असेल तर मागावं लागायचं, आणि मागितलं की म्हणायचा, "डॉक्टर, पहिल्यांदा झोपली होतीस का?" 'डॉक्टर' हा शब्द तो असा उच्चारायचा की जणू माझ्या अंगावर चुकून दुसऱ्याचा कोट आहे. माझ्या टिपणांना तो पोस्टमॉर्टेम म्हणायचा. "घोडं जिवंत आहे अजून," टिपण परत टाकत म्हणायचा.

इंग्रजीत 'यू' एकच. पण मी मनात त्याला अरे-तुरेच करायचे, आणि मनात कशाला, तोंडानेही. दुपारी नवऱ्याला फोन करायचे तेव्हा त्याच्यासमोर बसून, शांत चेहऱ्याने मराठीत सांगायचे, "आज लंगड्याने पुन्हा माझा कागद फेकला." नवरा म्हणायचा, "अगं, त्याच्या व्यंगावर कशाला जातेस? आणि इतकं छळतोय तर सोड ना ती नोकरी. बेसमेंटमधली पुस्तकं वर काढ." मी म्हणायचे, "लंगड्याच्या आधी मी नाही जाणार."

एकदा म्हाताऱ्याने विचारलं, "तू फोनवर मला काहीतरी म्हणतेस. लंगड्या. म्हणजे काय?"

मी पापणी न हलवता म्हटलं, "आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला म्हणतात. सर."

त्याने मान डोलावली. चेहरा क्षणभर जरा सैल झाला. मला आतून गुदगुल्या झाल्या. घरी येऊन मी हा किस्सा नवऱ्याला हसत हसत सांगितला. तो हसला नाही.

दुसऱ्या मोसमात, २०१७च्या डिसेंबरमध्ये, एकदा बर्फाचं मोठं वादळ आलं. मालक पोचू शकला नाही. मी आणि म्हातारा तेवढे पोचलो. पार्किंगमधला बर्फ उपसायला माणूस आलेला नव्हता, तेव्हा आम्ही दोघांनी, न बोलता, एकेका बाजूने दारापर्यंतची वाट साफ केली. वर आलो तर त्या दिवशी तिकडेही दलदलीमुळे शर्यती रद्द. घरी परत जाणं शक्य नव्हतं. त्याने त्याच्या थर्मासमधला चहा माझ्या कपात ओतला. त्या दोन तासांत मी त्याला वडिलांबद्दल सांगितलं. फरशीवरून दुडक्या चालीने घोडं गेलं की पाठ करून बसलेले माझे वडील केवळ टापांच्या आवाजावरून सांगायचे, मागच्या डाव्या पायाच्या नालेचा खिळा ढिला आहे. म्हातारा मन लावून ऐकत होता. "असा माणूस मी एकच बघितला होता, आमच्या गावात," तो म्हणाला. मग त्यानेही त्या शेवटच्या पडण्याची हकिकत सांगितली, घोडं वाचलं आणि त्याला त्याचाच जास्त आनंद झाला होता, हे सांगितलं. मला वाटलं, आता बरं चालेल. दुसऱ्या दिवशी खिडकी पुन्हा वीतभर उघडी होती.

त्याच महिन्यात आमच्या यादीत अकरा नंबरची घोडी आली. आयर्लंडमधल्या एका लहानशा तबेल्यातली. अंगाने बारीक, गडद तपकिरी, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. मोठ्या घोड्यांच्या गर्दीत ती चुकून मैदानात शिरल्यासारखी दिसायची. पण हर्डल आलं की जमिनीवरून अशी सुटायची की बघतच राहावं. पहिल्या दोन शर्यतींत एकदा तिसरी, एकदा दुसरी आली. म्हाताऱ्याने तिच्या नावापुढे, म्हणजे नंबरापुढे, पसंतीच्या तीन रेघा मारल्या. तोवर माझ्यासमोर त्याने तीन रेघा कुणालाच दिल्या नव्हत्या.

तिच्यात एक खोट दिसत होती. उडी मारताना ती हवेत डावीकडे झुकायची आणि उतरल्यावर दोन-तीन पावलं डावीकडेच जायची. उजवा पुढचा पाय दुखत असला की घोडे असं करतात, त्या पायावर भार नको म्हणून दुसऱ्या बाजूला जातात. मी टिपणात लिहिलं, 'उजव्या पुढच्या पायाबद्दल शंका. आणखी एक शर्यत बघावी.' हे टिपण प्रामाणिक होतं. म्हाताऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, "पाय बिय काही नाही. पोर आहे ती. सोबतीकडे झुकते. दोन्ही वेळा बाकीचे घोडे तिच्या डावीकडे होते."

"तसंही असेल," मी म्हटलं. "तिसऱ्या शर्यतीत कळेल."

तिची तिसरी शर्यत जानेवारीअखेरीस एका शनिवारी होती. घोडी विकत घ्यायची जवळपास ठरलीच होती, म्हणून मालकाने ग्राहकांना सकाळी ऑफिसात बोलावलं. सात-आठ जण आले. खालून गरम समोसे आले, कॉफी आली. मला कॉलेजपासून सवय असल्याने मी नीट कपडे करून, टिपणं घेऊन उभी होते. एका निवृत्त सर्जनने कौतुकाने विचारलं, "तुम्ही घोड्यांकडे कशा वळलात?"

मी तोंड उघडण्याआधी म्हातारा मोठ्याने म्हणाला, "मी सांगतो. हिच्या बापाने राजेमहाराजांच्या घोड्यांना खिळे ठोकले. तो पाठ करून बसायचा आणि आवाजावरून सगळं ओळखायचा म्हणे. म्हणून हिलाही वाटतं आपण डॉक्टर. या देशात हिला कुत्र्याला हात लावायची परवानगी नाही, विचारा तिला."

सगळे हसले. वाईट हेतूने नव्हे, समोसे खाताना हसतात तसे. मालकसुद्धा हसला. सर्जनने मान खाली घालून कॉफीत साखर ढवळली. माझे कान गरम झाले होते. शर्यत सुरू झाली, ती मी बघितली, पण मला काही दिसलं नाही. घोडी जिंकली. टाळ्या झाल्या.

मंडळी गेल्यावर मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बाहेर आले तर म्हातारा दारात कोट चढवत उभा होता. त्याचा आवाज अगदी हलका होता.

"आता कळलं, 'सर' म्हणजे काय ते?"

मग त्याने सांगितलं. आदल्या आठवड्यात तो खाली मिठाईच्या दुकानात गेला होता. काउंटरवरच्या माणसाला त्याने ऐटीत सांगितलं की वर ऑफिसात मला 'लंगड्या' म्हणतात, तुमच्या भाषेत सर. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी पोट धरून हसली. मग एका म्हाताऱ्या सरदारजींना दया आली आणि त्यांनी त्याला बाजूला घेऊन अर्थ सांगितला.

"बारा वर्षं मी हा पाय ओढत या देशात चालतोय," तो म्हणाला. "तोंडावर कुणी तसं म्हटलं नव्हतं."

मला लाज वाटली का? वाटली, पण थोडी, आणि ती खाली कुठेतरी होती. तिच्यावर वडिलांचं नाव त्या हसण्यात ओढल्याचा राग होता, आणि तो राग घेऊन मी रविवारभर घरात भांडी आपटत हिंडले.

सोमवारी मी ऑफिसात आले आणि तिसऱ्या शर्यतीचा व्हिडिओ लावला. म्हातारा माझ्याकडे पाठ करून त्याच्या टेबलाशी काहीतरी लिहीत होता. मालकाने मला शनिवारीच वेगळा रिमोट दिला होता, बहुधा मनधरणी म्हणून.

शेवटून दुसऱ्या हर्डलच्या आधी एक मोकळं घोडं, ज्याचा स्वार आधीच पडला होता, घोडीच्या उजव्या बाजूला आलं. आणि घोडी उजवीकडे झुकली. उजवीकडेच उतरली, सगळा भार उजव्या पुढच्या पायावर घेऊन, आणि त्याच पायावर रेटून पुढे गेली. दुखऱ्या पायाचं घोडं हे करणार नाही. मी मागे घेऊन पुन्हा बघितलं. पुन्हा बघितलं. पाय स्वच्छ होता. म्हाताऱ्याचा शब्द न शब्द खरा होता. ती पोर होती, सोबत ज्या बाजूला असेल तिकडे झुकत होती.

मी व्हिडिओ बंद केला आणि शेरा लिहिला: 'उजव्या पुढच्या पायाच्या स्नायुबंधाला जुनी इजा असण्याची दाट शक्यता. महोत्सवाच्या वेगाला पाय टिकणार नाही. खरेदी करू नये.'

 अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

दोन दिवसांनी मालकाने आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हाताऱ्याने माझा कागद वाचला. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही. त्याने ती उडी लावून मालकाला दाखवली आणि म्हणाला, "हे बघ. उजव्या पायावर उतरली आहे."

मालकाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "एका उडीवरून काही सिद्ध होत नाही."

हे वाक्य तसं खरंच होतं. वर्गात विद्यार्थ्यांना सांगावं असं.  मग म्हातारा माझ्याकडे वळला. त्याचे डोळे अगदी फिकट निळे होते. तो काहीतरी बोलणार असं वाटलं. मला त्या क्षणी त्याने सरळ विचारलं असतं, तू काय बघितलंस, तर मला खोटं बोलता आलं नसतं. पण त्याने तोंड मिटून घेतलं.

"ग्राहकांमध्ये चार डॉक्टर आहेत," मालक म्हणाला. "डॉक्टरचा लाल शेरा दाबून मी घोडी घेतली हे उद्या कळलं तर ते मला सोडणार नाहीत. अकरा नंबर कटाप."

खरेदी ठरली असती तर तिकडच्या व्हेटने पाय तपासलाच असता आणि माझं पितळ उघडं पडलं असतं. पण आमच्या शेऱ्यामुळे गोष्ट तिथवर गेलीच नाही. यादी नेहमीसारखी तयार झाली. यादीवर सही नेहमी मुख्य परीक्षकाची, म्हणजे म्हाताऱ्याची असायची. त्याने सही केली, पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन पिकअपमध्ये बसून राहिला. घोडी आठवडाभरात दुसऱ्याच कुणीतरी घेतली.

महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी, सकाळी साडेनऊला, चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत होती. मालक ग्राहकांबरोबर तिकडेच गेला होता. ऑफिसात आम्ही दोघं. मी खुर्चीच्या कडेला बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, लंगड. लंगड एकदाची. पायाला काहीही होऊ दे, पण माझा शेरा खरा ठरू दे. ज्या बाईने नऊ वर्षं घोड्यांचे पाय बरे केले, ती बाई एका मुक्या पोरीचा पाय मोडावा म्हणून हात घट्ट दाबून बसली होती. प्रत्येक हर्डलला मी तिच्या उजव्या पायाकडे बघत होते आणि प्रत्येक वेळी तो पाय स्वच्छ पडत होता. शेवटच्या चढावर ती बाहेरून आली, मोठमोठ्या घोड्यांना मागे टाकत गेली, आणि मानेएवढ्या अंतराने दुसरी आली. आमच्या यादीवरून ग्राहकांनी घेतलेले दोन्ही घोडे पार मागे, आठव्या-नवव्या जागेवर कुठेतरी होते.

म्हातारा उठला. त्याने टीव्ही बंद केला, रिमोट माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात मालक परत आला, ग्राहकांच्या शिव्या खाऊन. त्याने मला आत बोलावलं. मी तयारी करून गेले होते की आता मला काढणार. पण तो म्हणाला, "मी म्हाताऱ्याला थांबायला सांगितलंय. यादीवर सही त्याची. ग्राहकांना सांगितलं, आता त्याची नजर राहिली नाही."

"पण ती घोडी घ्या असं तोच सांगत होता," मी म्हटलं.

"हे ग्राहकांना कुठे माहीत आहे? त्यांच्याकडे फक्त यादी जाते. कुणाला तरी जावं लागणार. माहितीपत्रकात मला 'डॉक्टर' हा शब्द हवा आहे. जॉकी काय, कुणीही मिळेल."

मी उठले. बाहेर आले, जागेवर बसले, आणि सगळा दिवस काम केलं. दुसऱ्या दिवशीही काम केलं. हे दोन दिवस मला सगळ्यात जास्त टोचतात. शेरा रागात लिहिला होता असं स्वतःला सांगता येतं. ते दोन दिवस मी रागात नव्हते. मी नुसती बरी होते, लंगड्याच्या आधी मी गेले नाही म्हणून.

तिसऱ्या दिवशी त्याचं सामान न्यायचं होतं. एकच खोका: थर्मास, वह्या, एक जुना चाबूक. तो जिन्यावरून एकेक पायरी करत उतरत होता. मी मागोमाग पार्किंगमध्ये गेले. कडेला काळपट बर्फाचे ढीग वितळत होते. त्याने खोका पिकअपमध्ये ठेवला.

"मला सांगायचंय," मी म्हटलं. "त्या घोडीचा पाय चांगला होता. मला दिसलं होतं. दिसल्यावर मी तो शेरा लिहिला."

मला वाटलं होतं तो हादरेल. त्याने दार लावलं आणि म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्या सोमवारी तू ती उडी पाच वेळा मागे घेतलीस. माझी पाठ होती तुझ्याकडे, पण कान शाबूत आहेत. मोकळं घोडं आत शिरतंय, हे त्या समालोचकाचं वाक्य मी पाच वेळा ऐकलं. नेमकी ती जागा पुन्हा पुन्हा तोच बघतो, ज्याला ती दिसली आहे."

मी विचारलं, "मग मीटिंगमध्ये का नाही बोललात?"

"काय बोलणार?" तो म्हणाला. "मालकाला सांगायला लागलं असतं की हिला नजर आहे. सगळ्या ऑफिसात माझ्याशिवाय ती जागा फक्त हिने हेरली. हे माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. घोडी गेली तरी चालेल, नोकरी गेली तरी चालेल, पण ते नाही."

तो पिकअपच्या दाराला धरून आत चढला. त्या वाकड्या कंबरेने त्याला वर चढायला वेळ लागायचा. मी हात पुढे केला.

"हात लावू नकोस," तो म्हणाला.

मी हात मागे घेतला. तो गेला.

वर जाऊन मी मालकाला सगळं सांगितलं आणि म्हटलं, म्हाताऱ्याला परत बोलवा, मला काढा, ग्राहकांना मी स्वतः पत्र लिहिते. मालकाने आधी उठून दार लावलं. "लेखी काही देऊ नकोस," तो म्हणाला. "तुला पस्तावा झालाय ते ठीक आहे. पण म्हाताऱ्यापाठोपाठ डॉक्टरवरचाही ग्राहकांचा विश्वास उडाला तर दुकानच बंद होईल. घरी जा, दोन दिवस विश्रांती घे." मी राजीनामा लिहिला. कारण म्हणून सगळं सविस्तर लिहिलं. त्याने तो कागद घेतला, घडी घातली, आणि दुसरा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी त्यावर लिहिलं नाही. तशीच खाली उतरले, ती पुन्हा वर गेले नाही.

ग्राहकांपैकी त्या सर्जनचा पत्ता शोधून मी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

नवऱ्याला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्याने शेगडी बंद केली. मुलगी खालून विचारत होती, "ममा, व्हॉट्स फॉर डिनर?" शेवटी तो म्हणाला, "बाबांना सांगणार आहेस?" पुण्याला वडील तेव्हा हयात होते. मी म्हटलं, नाही. आणि सांगितलं नाही. दर रविवारी फोनवर ते विचारायचे, घोडे कसे आहेत तिकडचे, आणि मी म्हणायचे, छान आहेत.

बेसमेंटमधली पुस्तकं मी वर आणली. परीक्षा संपायला दीड वर्ष लागलं. आता मी एका दवाखान्यात कुत्री-मांजरं बघते. घोड्यांचं काम मिळत होतं, ते मी घेतलं नाही. शिक्षा म्हणून वगैरे नव्हे. एखादं घोडं दुडक्या चालीने समोरून नेलं की माझी नजर त्याच्या उजव्या पुढच्या पायाकडे जाते आणि तिथेच अडकते. बाकीचं घोडं मला दिसेनासं होतं. अशा डॉक्टरचा घोड्याला उपयोग नाही.

म्हातारा मला त्यानंतर एकदाच दिसला, २०१९च्या वसंतात, एटोबिकोतल्याच एका ग्रोसरीत. शनिवारची गर्दी होती. त्याच्या सामानाच्या ढकलगाडीत बटाटे, पाव आणि मांजराच्या खाण्याची पिशवी होती. तो पहिल्यापेक्षा जास्त वाकला होता, आणि काठीही आली होती. मी पैसे द्यायच्या रांगेत उभी होते. त्याने मला बघितलं. ओळखलं, याबद्दल शंका नाही, कारण तो थांबला. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

माझ्या रांगेत माझ्यामागे कुणीच नव्हतं. त्याने गाडी वळवली, काठी गाडीच्या दांड्यावर अडकवली, आणि पलीकडच्या, सात-आठ माणसांच्या रांगेच्या शेवटी जाऊन, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.